कावळ्याला दिलेला शब्द

बायकोच्या कढीपत्त्यावरची पक्ष्यांची शी मी पाईप लावून धुऊन काढली. दात घासायचा जुना ब्रश घेऊन, पान न् पान.

बेव्हर्ली पार्कात आमचं घर तळमजल्यावर. मागच्या दाराबाहेर, कंपाउंडच्या भिंतीपर्यंत, जमिनीची एक पट्टी आहे. सोसायटी तिला ‘ओपन स्पेस’ म्हणते, वरचे मजले तिच्यात शिळ्या चपात्या टाकतात, आणि माझी बायको तिला शाळा म्हणायची. तिसरीनंतर लेकीला तिने शाळेतून काढलं आणि मागच्या पायरीवर बसवलं. राई गावातल्या तिच्या माहेरच्या वाडीतून कढीपत्त्याचा फुटवा आणून लावला. ती वाडी आता पार्किंगखाली गेली. मी आपला ऑफिसची मीटिंग म्यूट करून खिडकीतून विचारायचो, “काय, आज मुंग्यांचा भूगोल का?”

मग बायको आजारी पडली. आणि गेली.

दहाव्याला खाडीकाठी पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. कठड्यावर बसून मान वाकडी करून बघायचा, खाली म्हणून उतरायचा नाही. सगळे आळीपाळीने हात जोडू लागले. सासूबाई म्हणाल्या, “पोरीला मी बघीन, बाय.” कावळा ढिम्म. ऊन चढलं, भटजींना पुढचं काम होतं, आणि हळूहळू सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी बोलून गेलो, “तुझी शाळा बंद पडू देणार नाही. मी शिकवीन.”

कावळा उतरला.

आयुष्यात मी शब्द पुष्कळ दिलेत आणि विसरलोयही. पण ज्याचा साक्षीदार रोज सकाळी स्वैपाकघराच्या खिडकीत येऊन ओरडतो, असा हा एकच.

शिकवायला बसलो. घुशीला मुंगूस म्हणालो, बुलबुलाला साळुंकी. लेकीने एकदाही ‘नाही’ म्हटलं नाही. तिने बोलणंच टाकलं होतं. ‘भूक नाही’, ‘झोपते’, संपलं. माझा धडा झाला की ती कढीपत्त्यासमोर जाऊन बसायची. पावसाळा सरता सरता तर तिथून हलेनाशी झाली.

“काय बघतेस गं?”

“काही नाही.”

मला वाटलं, आईची आठवण काढतेय, आपण मध्ये पडू नये. मी पाय न वाजवता आत यायचो आणि स्वतःच्या समजूतदारपणावर खूश व्हायचो.

वर्षश्राद्ध आलं. आदल्या दिवशी माझ्या मनात आलं, तिचं झाड तरी चकाचक दिसू दे. शिवाय स्वैपाकाला पानं लागणारच. पाईप लावला. घासून झाल्यावर लेकीला हाक मारली, “बघ, आईचं झाड!”

ती आली. एकेक पान उलटंपालटं करून पाहिलं.

“बाबा, ती कुठंयत?”

“कोण?”

“पानांवरची.”

“शी होय? धुतली.”

“शी नव्हती ती.” तिचा आवाज फुटला. “अळ्या होत्या. लहानपणी तशाच दिसतात, पक्ष्यांनी शी समजून खाऊ नये म्हणून. मग हिरव्या होतात. आईने इथपर्यंत दाखवलं होतं. मग तिला हॉस्पिटलात नेलं ना. म्हणाली, पुढचं आपण मी परत आल्यावर बघू.”

वर्षभरात ती एवढं बोलली नव्हती.

पक्ष्यांनासुद्धा जे जमलं नाही, ते मी ब्रश घेऊन करून दाखवलं होतं. दोघं चिखलात गुडघे टेकून शोधत बसलो. एकदा मी “सापडली!” म्हणून ओरडलो. ती धावत आली. वाकून पाहिलं.

“ही शीच आहे,” म्हणाली.

बाकी काही सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंच्या कानावर गेलंच. “जावई, येत न्हाय तर न्हाय म्हनायचं. पोरीला शाळेत घाला,” त्या म्हणाल्या. मी लेकीकडे पाहिलं. तिने नको म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती. ती वरणभात कालवत होती.

“दिवाळीनंतर जाते मी शाळेत,” ती म्हणाली.

मी उठून कावळ्याचं पान कंपाउंडच्या भिंतीवर ठेवलं. मी हात मागे घेतो न घेतो तोच कावळा आला आणि वडा उचलून खाऊ लागला. लेक पायरीवर येऊन उभी राहिली होती. मला जरा धीर आला.

“बघ,” मी म्हणालो, “लगेच शिवला. आई रागावलेली नाहीये.”

तिने कावळ्याकडे पाहिलं, मग कढीपत्त्याकडे, मग माझ्याकडे.

“त्याला काय कळतंय, बाबा. मागच्या वर्षी तो तुझ्यावर विश्वास ठेवून उतरला होता.”