मंडईच्या दुसऱ्या दिवशीचे मामाजी

सोन्याचा भाव चढला की आंबागडची माणसे तुमसरच्या सराफाकडे घ्यायला धावत आणि आमचे मामाजी विकायला बसत. मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी आणि सासूला आत्याबाई म्हणतात. मामाजी चिखल्याच्या खाणीत फोरमन होते. निवृत्तीची रक्कम हातात आली तेव्हा कोणी ट्रॅक्टर सुचवला, कोणी प्लॉट. त्यांनी प्रत्येकाला चहा पाजला आणि रकमेचे चार भाग केले: एक शेअर, दुसरा रोखे आणि पोस्टातल्या ठेवी, तिसरा बँकेतली रोख आणि चौथा सोने. या चार भागांना ते बांध्या म्हणत, जशा आमच्या धानाच्या शेतात बांध घालून पाडलेल्या असतात तशा.

मी मोहाडीची. लग्न होऊन आले तेव्हा मला हा प्रकार फारच विचित्र वाटला. एकदा बांधावरून जाताना मी विचारलेच, "मामाजी, चार ठिकानी कायले?"

"वरच्या बांधीत आपन हलका धान काहून लावतो?" ते म्हणाले. "पानी लवकर गेलं त तो हाती लागते. खाली भारी धान. पानी टिकलं त तो घर भरते. कोनतं साल कसं येईन हे मले आधीच मालूम असतं, त मी खानीत कायले उतरलो असतो?"

सोने तर ते कागदावरचे घेत, फंडातले. आत्याबाईंच्या अंगावरच्या दागिन्यांची त्यात कधीच गणती नव्हती. "ते तिचं हाये, बांधीतलं नोहे," असे ते बजावून सांगत. तरीही पहिल्यांदा त्यांनी त्यातले थोडे विकले तेव्हा आत्याबाईंनी गळ्यातली पोत मुठीत धरली आणि मंडईच्या जत्रेची उरलेली भाजी संपेपर्यंत त्या त्यांच्याशी बोलल्या नाहीत. घरातले सोने विकणे म्हणजे घरावर काही तरी आल्याची खूण, अशी त्यांची समजूत. चांगले चालले असताना कोणी सोने विकतो का, हे त्यांना पटेना.

मंडई म्हणजे दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव भरणारी जत्रा. लेकी-जावई येतात, मटण शिजते, रात्रभर नाटक चालते. मामाजींचा वर्षाचा हिशोब मंडईच्या दुसऱ्या दिवशी सकाळी होई. जी बांधी ठरलेल्या वाट्याबाहेर फुगली असेल तिच्यातले थोडे विकायचे आणि जी आटली असेल तिच्यात घालायचे, एवढेच काम. हाच दिवस का, असे विचारले तर म्हणत, "रातभर नाटक पाह्यलेला मानूस दुपारपावेतो सल्ला देत नाई."

सल्लागारांची ददात नव्हतीच. माझे नंदोई, म्हणजे नणंदेचे यजमान, नागपूरला असतात. ते दर मंडईला एका नव्या कंपनीचे नाव घेऊन येत आणि सगळा पैसा तिच्यातच टाका म्हणून जेवताना मागे लागत. मामाजी म्हणत, "बरोबर हाये तुमचं, जावईबापू," आणि त्यांच्या ताटात आणखी रस्सा वाढत. सकाळी नंदोई घोरत असताना ते आपल्या चार बांध्या सारख्या करून मोकळे होत. मला खरे कौतुक वेगळ्याच गोष्टीचे वाटे. गेल्या वर्षीच्या कंपनीचे काय झाले, हे त्यांनी जावयाला कधी म्हणजे कधी विचारले नाही. मी असते तर पहिल्या घासालाच विचारले असते.

मला मोबाइलवर रोज भाव पाहायची खोड होती. शेअर पडले की माझा चेहरा पडे, चढले की स्वयंपाकात मीठ जास्त होई. मामाजी हे सारे बघत. एक दिवस म्हणाले, "बेटा, रोवना झाल्यावर रोज रोप उपटून मुळं पायते का कोनी?" मला राग आला. पण भाव पाहणे हळूहळू सुटले आणि घरातली भाजीही सुधारली.

मग त्यांच्या फुप्फुसाचे दुखणे निघाले. नागपूरला ऑपरेशन ठरले. नेमके त्याच महिन्यात शेअर कोसळले होते आणि आमचे हे घाबरून, मिळेल त्या भावात सगळे शेअर विकायला निघाले. मामाजी खाटेवर बसून धापा टाकत म्हणाले, "रोख कायले ठेवली मंग? अशा दिवसासाठीच ना? जे पडलं हाये त्याले हात नोको लावू." रोखीची बांधी रिकामी झाली, पण बाकीच्या तिन्ही शाबूत राहिल्या. त्या दिवशी मला हा माणूस पहिल्यांदा पुरता कळला.

पुढच्या मंडईपर्यंत ते खूप थकले होते. त्या वर्षी सोन्याने सगळ्यांची झोप उडवली होती. शेअर मरगळलेले. सगळे सोन्यातच टाकावे, असे नंदोईंपासून आमच्या ह्यांच्यापर्यंत सर्वांचे एकमत. दुसऱ्या दिवशी सकाळी मामाजींनी मला खाटेजवळ बोलावले आणि फोन माझ्या हातात दिला. "या खेपेले तू कर."

मी म्हणाले, "मामाजी, सोनं चढून राहिलं. आता विकू?"

"मले मोठं नाई व्हायचं," ते थांबून थांबून बोलले. "माझ्यामागं तुह्या आत्याबाईले कोनासमोर हात पसरा लागू नये. पोरासमोर बी नाई. एवढंच पायजे."

बोट बटणावर ठेवून मी किती वेळ बसले, कोणास ठाऊक. चुकले असते तर आत्याबाईंच्या म्हातारपणाशी खेळ झाला असता. मामाजींनी घाई केली नाही. खिडकीबाहेर बघत राहिले. मी विकले. आलेल्या पैशातून आधी रोखीची बांधी भरली, उरले ते शेअरमध्ये घातले.

सोने त्यानंतरही चढतच राहिले. आमच्या ह्यांनी जेवताना ते ऐकवले तेव्हा मी ताट बाजूला सारले. मामाजी मात्र हसले. "चढू दे ना बाप्पा. उरलेलं बी आपलंच हाये."

धानाची मळणी आटोपता आटोपता ते गेले. मला माझ्या वडिलांइतकेच दुःख झाले, आणि हे लिहिताना त्यात काही वाढवून सांगते आहे असे मला वाटत नाही. तेरवीच्या जेवणानंतर आत्याबाईंचे पुढे कसे, हा विषय निघाला. सगळे मोडून एका ठिकाणी ठेवावे, असे नंदोई म्हणाले. आमचे हे माझ्याकडे बघू लागले. मी काही बोलायच्या आत भिंतीला टेकून बसलेल्या आत्याबाई म्हणाल्या, "यायनं जसं लावलं तसंच राहीन. सून करन. तिले यायनं शिकवलं हाये."

आता दर महिन्याला पोस्टातले व्याज आत्याबाईंच्या खात्यात जमा होते. जमेचा मेसेज येऊन त्यांचा फोन वाजला की त्या हातातले काम टाकून माझ्याकडे येतात. त्यातून त्यांची औषधे येतात, नातवंडांना खाऊ येतो, मंडईला लेकीला लुगडे येते, आणि कोणाला काही मागावे लागत नाही. परवा मी अंगणात धान वाळत घालत होते. शेजारीणही तिथेच बसली होती. आत्याबाईंनी फोन माझ्यापुढे धरला आणि तिला ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, "पाय बरं बेटा, तुह्या मामाजीचा पगार आला का?"

"आला, आत्याबाई," मी म्हणाले.