नत्थुजींचे उपास

तिवशाकडच्या गावांत नत्थुजींएवढा उपास करणारा माणूस नव्हता. लग्न कोणाचंही असो, पंगत बसली की त्यांना एकादशी आठवे, नाहीतर सोमवार, नाहीतर पंचांगालाही ठाऊक नसलेला एखादा वार. मग ते उभ्यानं, आग्रह करकरून लोकांना वाढत आणि घरी येऊन गोठ्यात गव्हाणीला टेकून भाकरी खात, तीही उभ्यानंच. लोक त्यांना महाराज म्हणू लागले होते. खरी गोष्ट एवढीच, की महाराजांचे गुडघे गेले होते.

निर्गुडीचा पाला झाला, करंजाचं तेल झालं, अमरावतीच्या इंग्रज डाक्टराची कडू बाटली झाली. गुडघे काही ऐकेनात. एकदा खाली बसलं की उठायची सोय नाही. रोज सकाळी त्यांची बायको जमुना दोन्ही हात धरून त्यांना अंथरुणातून ओढून काढी. मग नत्थुजी मिशीला पीळ देऊन गावात हिंडायला मोकळे. गुडघ्याचं नाव बाहेर काढायचं नाही, अशी जमुनेला सक्त ताकीद होती. चार माणसांत बसून जेवायला जीव तुटायचा बिचाऱ्यांचा. पण पांगळा म्हणवून घेण्यापेक्षा संत म्हणवून घेणं बरं.

मग लेकीचं, सत्यवतीचं, लग्न निघालं. व्याही शेंदूरजनाघाटचे केशवराव, संत्र्यांच्या बागांचे धनी आणि जिभेचे गोड. पंगत मांडली तशी नत्थुजींनी उपास पुढे केला.

"लगन लागलं, इवाई! आता कायचा उपास?" केशवराव म्हणाले. "तुमी नाही बसले, त आमीबी घास घेत नाही."

व्याह्याला उपाशी कसं ठेवायचं? मांडवाची मेढ धरून नत्थुजी कसेबसे टेकले. वांग्याची भाजी, वरण, बुंदी. किती दिवसांनी माणसांत जेवत होते! डोळे भरून आले, ते त्यांनी भाजीच्या तिखटावर ढकललं.

जेवणं आटोपली. आता यजमान उठल्याशिवाय पंगत उठणार कशी? नत्थुजींनी बुंदी मागितली. पुन्हा मागितली. पाहुणेही मुकाट्यानं खात राहिले. केशवरावांनी धोतराची गाठ सैल केली. तिकडे बायकांची पंगत अजून बसायची होती आणि बुंदीचं पातेलं तळाला लागलं होतं.

शेवटी जमुना डोक्यावरचा पदर सावरत सरळ पुरुषांच्या पंगतीत शिरली आणि नवऱ्यापुढे दोन्ही हात केले.

"उठा. बाया उपाशी बसून राहिल्या."

नत्थुजींनी तिच्याकडे पाहिलं, व्याह्याकडे पाहिलं.

"गुडघे गेले, इवाई," ते म्हणाले. "मले उठताच येत नाही."

"मंग सांगाचं ना, महाराज! आमचं पोट फुटाची वाट पाहून राहिले काय?" म्हणत केशवरावांनी त्यांच्या बगलेत हात घातला. सगळी पंगत हसली. नत्थुजीही हसले आणि त्यांना फार हलकं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जमुनेनं नेहमीसारखे हात पुढे केले. ओढताना तिच्या तोंडून बारीकसं "आई व" निघालं. तसं ते रोजच निघायचं. नत्थुजींनी ते आज ऐकलं.

"तुही कंबर दुखते काय व?"

"दुखते ना," जमुना म्हणाली. "तुमचे गुडघे दुखाले लागले तवापासून. उठा आता."