रुबिनाच्या अब्बांचा आवाज

आधी चुकीची दुरुस्ती. माझी पहिली चार वर्षांची शाळा घरीच, आईसमोर झाली, आणि नवं पान सुरू करण्याआधी मागच्या पानावरची चूक सुधारायची अशी तिची शिस्त होती. मस्कतमधल्या भारतीय चित्रपट सप्ताहावरच्या मागच्या लेखात, जयगडवरच्या माहितीपटाबद्दल मी लिहिलं होतं की जाळी विणणारे वयस्क मच्छीमार स्वतःच्या आवाजात आपली गोष्ट सांगतात. तो आवाज त्यांचा नाही.

ते मच्छीमार म्हणजे माझ्या खोलीतल्या मैत्रिणीचे, रुबिनाचे अब्बा. (नाव बदललं आहे.) परदेशात आपल्याकडचा समुद्र पडद्यावर दिसला की माणूस बघतच राहतो, तपासत नाही. थिएटरमधून बाहेर पडताना रुबिना एवढंच म्हणाली, "अब्बांचा आवाज वेगळा वाटला ना? माईकमुळं असंल."

तिथून माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. आवाज येतो तेव्हा पडद्यावर त्यांची पाठ असते, नाहीतर हात. ओठ एकदाही नाहीत. भर उन्हात गळ्याला मफलर. दिग्दर्शिकेने कुणा नटाकडून वदवून घेतलं असणार! निवडक चित्रपट महिन्याभराने पुन्हा दाखवणार होते. त्याआधी आयोजकांना पाठवायच्या तक्रारीचा मसुदाही मी लिहून ठेवला. रुबिनाला मात्र काही बोलले नाही. पुराव्याशिवाय कसं बोलायचं?

रजेवर रत्नागिरीला घरी निघाले तेव्हा रुबिनाने जयगडला तिच्या घरी द्यायला पिशवी दिली. आखातातून कुणी रिकाम्या हाती येत नाही, स्वतःचं सामान कमी करून दुसऱ्यांचं आणावं लागतं. पिशवीत खजूर, अम्मीसाठी बाम आणि अब्बांसाठी नवा मोबाईल.

"अम्मी फोन हातातनं सोडतच नाय," ती म्हणाली. "अब्बा कधी विचारा, खाडीवर. हा फक्त त्यांचा."

मुंबईहून रात्रीची रेल्वे पकडली, दुसरा दिवस घरी घालवला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी रत्नागिरी स्टँडवरून जयगडची एसटी. जाणार असाल तर निवळीवरून जाणारी गाडी टाळा. त्या रस्त्याला बंदराच्या ट्रकांमागे धूळ खावी लागते. गणपतीपुळ्यावरून वेळ जास्त लागतो, पण समुद्र दिसत राहतो. रिक्षावाल्याने सांगितलेल्या भाड्यावर माझा विश्वास बसला नाही आणि ते बरंच झालं. एसटी कितीतरी स्वस्त पडली.

माझ्या गळ्यातला कॅमेरा बघून शेजारच्या मासळीवाल्या बाईने विचारलं, "पिक्चरवाली काय गो तू?"

मी नाही म्हणेपर्यंत कंडक्टर मागून ओरडला, "मावशी, ह्या खेपेला हिरोईन व्हा! गेल्या टायमाला नुसती टोपलीच घेतली तुमची."

"माझी टोपली दिसायला तुझ्यापेक्षा बरी हाय!"

म्हणजे शूटिंग खरंच झालं होतं. तेवढं वहीत टिपून घेतलं.

घर खाडीजवळच. अम्मींनी पिशवी घेतली, मोबाईलचं खोकं पाहिलं आणि ते पुन्हा पिशवीत सारलं. अब्बांची चौकशी केली, "चाचा कुठे?", तर "खाडीवर". पण चाचा मागच्या दारात उभे होते, मफलर गुंडाळून. मी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला ते हसायचे आणि उत्तर अम्मी द्यायच्या. शेवटी मी जरा कडकच आवाजात म्हटलं, "चाची, चाचांनाच बोलू द्या की."

चाचांनी मफलर सोडला. गळ्याच्या खळगीत एक छिद्र होतं. श्वास तिथून चालला होता.

"दोन वर्सं झाली," अम्मी म्हणाल्या. "मुंबईला गळ्याचं ऑपरेशन झालं, आवाजच गेला. तिला कळवलं असतं तर नोकरी टाकून आली असती गो. व्हिडिओवर हे नुसते हात हलवतात, मी सांगते नेट नाय. पिक्चर तिकडं दिसंल हे आमाला काय म्हायती? पिक्चरवाल्या बाईनं विचारलं, तुमचं बोलणं कोण बोलंल? यांनी आपल्या भावाकडं बोट दाखवलं. लिहिलं मात्र सगळं यांनीच."

लाज वाटते, पण तरीही खात्रीसाठी मी त्यांची ती वही मागितली. चित्रपटातली वाक्यं त्यांच्याच अक्षरात होती, खाडाखोडीसकट.

"तिचा करार संपेपर्यंत नको सांगूस," अम्मी म्हणाल्या. मी म्हटलं, एकाच खोलीत राहून ते मला जमणार नाही. तेव्हा चाचांनी वही ओढली आणि लिहिलं, 'मी मोबाईलवर लिहिलं तर ती एकटी वाचेल. तू जवळ बसून सांग.'

अम्मींनी कपाळावर हात मारला. "बोलता येत होतं तेव्हा माझं ऐकलं नाय, आता काय ऐकतायत!" चाचा खांदे हलवून हसले, आवाजाशिवाय.

मग तांदळाची भाकरी आणि कोलंबीचं कालवण. पाहुणीला दोनदा वाढल्याशिवाय सोडत नाहीत. हातात तास-दीड तास असेल तर फेरीबोटीने पलीकडे तवसाळला जाऊन या. मी गेले नाही. नुसती जेट्टीवर बसून राहिले.

मस्कतला परतून तीन दिवस झाले. तक्रारीचा मसुदा पुसून टाकला. दिग्दर्शिकेला मात्र लिहिणार आहे की श्रेयनामावलीत चाचांच्या भावाचं नाव हवं. रुबिनाने विचारलं, "अब्बांनी अजून फोन नाय केला?" मी म्हटलं, सिम मिळायचंय. खोटं बोलले, तेही इथेच नोंदवते.

पुन्हा होणाऱ्या खेळाची तिने दोन तिकिटं काढली आहेत, शुक्रवारची, संध्याकाळी पाच वाजताची. ती अंधारात तो आवाज ऐकत असताना मी शेजारी गप्प बसू शकणार नाही. ही नोंद तिला सांगून झाल्यावर, तिने हो म्हटलं तरच इथे येईल. सांगणार आहे परवा, शुक्रवारी, दुपारी तीन वाजता, आमच्या खोलीत, तिच्या शेजारी बसून.