आधी गोळी, मग कडू

माझी मावशी पोनिरा इंडोनेशियातल्या सोलो शहरात जामू विकते. जामू म्हणजे आमचे काढे, पाठीवर बांधलेल्या टोपलीत बाटल्या आणि गल्लोगल्ली फिरायचं. आणि ती स्वतः डायबेटिसची गोळी खाते, तीही चारचौघांत, लपवत नाही. एवढंच झालं. पण एवढ्यावरून एका अख्ख्या गल्लीनं तिच्यासमोर दारं लावून घेतली, आणि तरी ती तिथे जातेच.

आईच्या धाकट्या बहिणीला आमच्याकडे बुलिक म्हणतात. बुलिकचा आवाज असा की एका टोकाला "जामूऽऽ" म्हटलं की दुसऱ्या टोकाची मांजरं उठतात. नवरा कधीच सुमात्राला पळाला. कुणी हळहळलं की ही म्हणते, "बरं झालं, घोरायचा फार."

तिच्या टोपलीत सगळ्यात जास्त खपतं ते कडू. तुमच्या गुळवेलीच्या जातीतली एक वेल असते, तिचा काढा. इतका कडू की पिणारा डोळे मिटून देवाचं नाव घेतो. साखरेवाले तोच मागतात, कारण सगळ्यांच्या डोक्यात एकच, कडू आत गेलं की गोड मरतं. आणि गंमत बघा, कडू प्यायल्यावर तोंडाची चव जावी म्हणून वर एक छोटा ग्लास गोड द्यायचा रिवाज आहे, तांदूळ आणि ताडगुळाचा, फुकट. म्हणजे साखरेवाला माणूस साखरेसाठी कडू पिणार आणि लगेच वर गूळ पिणार! पिढ्यान् पिढ्या हेच. कुणाच्या डोक्यात आलं नाही. बुलिकच्याही नाही. ती तर दुपारी उरलेलं सगळं गोड स्वतःच संपवायची, फेकवत नाही म्हणून.

मग तिला सारखी तहान लागायला लागली, ब्लाउज ढगळ झाले, सुट्टे पैसे डोळ्यांजवळ धरून बघायला लागली. सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं. मेटफॉर्मिन सुरू झालं. सुरुवातीला त्या गोळीनं पोटाची अशी वाट लावली की फेरीत मध्येच टोपली टाकून लोकांच्या संडासात पळायची. बाकीच्या जामूवाल्या खिदळायच्या, "यू पोन, जामूवाली असून गोळ्या खातेस?" यू म्हणजे ताई, गल्लीत तिला सगळे यू पोनच म्हणतात.

बुलिक म्हणाली, "न्हाव्याची बायको बाळंत झाली तर तो वस्तरा घेऊन बसतो का गं?"

डॉक्टरीणबाईंनी गोळी जेवणानंतर घ्यायला सांगितली, पोट हळूहळू सवयीला आलं. डोळे निवळले. मग ती गोळी तिनं कधीच सोडली नाही.

आता म्हातारे गितो. सायकलरिक्षावाले, सगळे त्यांना म्बाह म्हणतात, म्हणजे आजोबा. त्यांच्याच पायरीवर बुलिक रोज टोपली उतरवते आणि अख्ख्या गल्लीच्या बायका तिथे जमतात. ही गल्ली म्हणजे तिचा अर्धा धंदा. म्बाहना साखर, रोज कडू पितात, आणि लाडके म्हणून बुलिक त्यांना वरून गोडाचे दोन ग्लास द्यायची.

काही दिवस ते दिसले नाहीत. मग एकदा पायरीवर बसलेले, पायाला एवढं मोठं बँडेज. हॉस्पिटलात करंगळी कापली होती. रिक्षाच्या पॅडलनं खरचटलं होतं, तेवढंच, पण ते भरलंच नाही, काळं पडलं.

बुलिकनं विचारलं, "गोळ्या घेत होतात ना, म्बाह?"

"छे! केव्हाच सोडल्या," म्हातारे फुशारकीनं म्हणाले. "गोळ्यांनी किडनी जाते. मला तुझं कडू आहे की, पोन. हॉस्पिटलात पण सांगितलं मी त्यांना, आमच्या पोनचं कडू आहे म्हणून जिवंत आहे."

मी शेजारीच होते, सुट्टी होती म्हणून बाटल्या द्यायला गेलेले. बुलिकचा चेहरा मी असा कधी बघितला नव्हता. हातातला गोडाचा ग्लास तिनं गटारात ओतला. मग उभी राहिली आणि फेरीच्या आवाजात सुरू झाली.

"ऐका सगळ्या! ज्याला साखर आहे त्यानं आधी जेवायचं, दवाखान्यानं सांगितल्याप्रमाणे गोळी घ्यायची, माझ्यासमोर घ्यायची. मग कडू. गोड नाही म्हणजे नाही. आणि माझं कडू गोळीच्या जागी चालत नाही. पित असाल तर डॉक्टरीणबाईंना तेही सांगा."

बू हर्तिनी, बू म्हणजे बाई, गल्लीप्रमुखाची बायको, फाटकातून बाहेर आली. "काय गं यू पोन, इतकी वर्षं तूच विकलंस ना साखरेवर म्हणून?"

"विकलं. आजपासून नाही विकणार."

"म्हणजे आम्हाला फसवत होतीस?"

"मी स्वतःलाही तेच पाजत होते, बू. तुमच्यापेक्षा जास्त प्यायले. फसवलं म्हणा, मूर्ख म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. म्बाहचं बोट काही परत उगवत नाही."

"गोळ्यांनी किडनी जाते, सगळ्या जगाला माहीत आहे."

"साखरेनं जाते! गोळी न खाता साखर वाढवून बसायचं आणि किडनी गेली की बिल गोळीच्या नावावर!"

कुणीतरी फिसकन हसलं. बस, तिथेच बिघडलं. बू हर्तिनीला हसणं सहन होत नाही. म्हणाली, "आमच्या आज्या-पणज्यांचं औषध तू दवाखान्याच्या पायाशी नेऊन टाकलंस. उद्यापासून या गल्लीत यायचं नाही. मोटरसायकलवर जामूच्या पुड्या विकतो त्याला मी सांगते यायला."

रात्रभर मी चिडचिड करत होते, म्हटलं दुसरी गल्ली बघ ना, मरू दे त्या. बुलिक हळद वाटत बसलेली. "तिकडे काय साखरेवाले नाहीत? तिथेही हेच बोलणार मी. मग तिथूनही हाकलतील, मग काय करू, समुद्रात जाऊन विकू?"

सकाळी गेली. मी पण गेले. "जामूऽऽ!" नेहमीपेक्षा मोठ्यांदा. एक दार उघडलं नाही. ही म्हातारबांच्या पायरीवर बसली, केळीच्या पानातला भात निवांत खाल्ला, पर्समधून गोळी काढली, पाण्याबरोबर गिळली आणि रिकामा ग्लास असा आपटला की आवाज घुमला.

खिडकीतून बू हर्तिनी, "तुला यायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना?"

"ऐकलं होतं."

"मग?"

"मग आले."

मोटरसायकलवाला पण आला, हॉर्न वाजवत, कोपऱ्यावर उभा राहिला. त्याच्याकडे दोघी-तिघी गेल्या, बुलिककडे न बघता, भिंतीला चिकटून. मला रडूच यायला लागलं. बुलिक त्यांना नावानं हाक मारत होती, "गुड मॉर्निंग यंती! साखर कशी आहे? पुडीत काय आहे ते विचार हो त्याला!"

मग म्बाह गितोंचं दार करकरलं. लंगडत आले, कुबडी बगलेत, शर्टाच्या खिशातून गोळ्यांची पट्टी डोकावत होती.

"सकाळी सकाळी काय आरडाओरडा लावलायस पोरी. जेवलो मी. हे बघ, घेतो, बघ नीट, परत म्हणशील थुंकलो." आणि सगळ्या खिडक्यांकडे तोंड करून त्यांनी गोळी जिभेवर ठेवून दाखवली, लहान मुलासारखी, आणि गिळली. "आता दे कडू."

दिलं. प्यायले, डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं. मग हात पुढे, गोडासाठी.

"नाही."

"एक घोट गं."

"अर्धा पण नाही."

"तुझ्यासारखी दुष्ट बाई मी आयुष्यात पाहिली नाही, पोन."

"उद्या पुन्हा बघायला या."

त्यानंतर शेवटच्या घरातली यंतीची सासू आली, गुपचूप, आणि विचारलं, ती गोळी जेवणाआधी की नंतर. काढा घेतलाच नाही तिनं. एवढंच गिऱ्हाईक. बाटल्या जवळजवळ भरलेल्याच, परत येताना टोपली इतकी जड की बुलिक कमरेवर हात ठेवून चालत होती.

मी म्हटलं, "उद्या कमी भरूया का? खपत नाही तर उगाच ओझं."

"भरून न्यायच्या, पोरी, काठोकाठ," ती म्हणाली. "अर्ध्या टोपलीनं गेलं की त्यांना वाटेल मी घाबरले."