बटाट्याला जरा जास्तच भर

चहाचे कप आधी खाली ठेवा, नाहीतर कुणाला तरी ठसका लागेल. कारण मी काय करून बसलो, माहीत आहे? जिवंत बायकोची समाधी बांधली! हो, या दोन हातांनी, घमेलं घमेलं माती टाकून.

त्याचं असं झालं. आम्ही राहतो बेलवलीत. अंबरनाथच्या कारखान्यातून रिटायर झालो आणि बायकोच्या, म्हणजे सुमनच्या, हट्टापायी चामटोलीला एवढासा जमिनीचा तुकडा घेतला. शेती तिची, मी आपला हमाल. दिवाळी झाल्यावर तिने एका वाफ्यात बटाटे लावले आणि आठवड्याभरात विमानात बसली. मुलीचं बाळंतपण, कॅनडात.

निघताना माणसं काय सांगतात? जपून राहा, गोळ्या घ्या. ही म्हणाली, "तण उपटत राहा. महिन्याने बटाट्यांना मातीची भर लावा, नाहीतर ऊन लागून हिरवे पडतात. आणि त्यांच्याशी बोला जरा. बोललं की झाडं वाढतात."

"बटाट्यांशी काय बोलू मी?"

"माझ्याशी जे बोलत नाही, ते बोला."

ती गेली आणि दोन खोल्यांचं घर केवढं मोठं झालं हो! सकाळी सवयीने दोन कप चहा टाकायचो आणि दोन्ही मीच प्यायचो. दोरीवर तिची एक साडी वाळत राहिली होती, ती काढायला हात होईना. पण फोनवर? "मी? एकदम मजेत!"

एकदा ती म्हणाली, "लेक म्हणतेय, अजून दोन महिने राहा. राहू?"

"राहा की! इथे काय अडलंय? मी मजेत आहे."

आता या जिभेला काय म्हणावं, सांगा.

मग मी रोज शेतावर जायला लागलो. आयुष्य क्वालिटी कंट्रोलमध्ये गेलेलं, त्यामुळे काम कमी पडलेलं मला चालत नाही. बटाटा हिरवा पडता कामा नये! आज एक घमेलं माती, उद्या दोन. पंधरा दिवसांत सऱ्या दिसेनाशा झाल्या आणि माणसाच्या लांबीचा एक छान गोलसर ढीग तयार झाला. कीड लागू नये म्हणून त्यावर चुलीतली राख टाकली. कडेने झेंडू लावला. काही दिवसांनी ढिगावर रोपं आली, त्यांना पांढरी फुलंसुद्धा आली. मी तर हरखूनच गेलो.

आणि बोलायचो ना! पण बटाट्यांना काय नावाने हाक मारणार? लाज वाटायची. मग सुमनचंच नाव घेऊन बोलायचो. दाढी वाढलेली, समोर ढीग, आणि मी एकटाच बोलतोय.

शेजारच्या शेतातल्या हिराताई अधूनमधून भाकरी आणून द्यायला लागल्या. "खा दादा. जीव लावलेला मानूस नजरेआड झाला का घास उतरत नाय." मला वाटलं, किती समजूतदार बाई! येता-जाता बायका ढिगाला हात जोडायच्या. मला वाटलं, मातीला नमस्कार करत असतील. चांगली माणसं आहेत हो गावातली.

मग तो दिवस उजाडला. उन्हासाठी मी उल्हासनगर कॅम्प एकमधून एक भली मोठी हॅट आणली होती. दुकानदार म्हणाला होता, "ले लो साहब, दो आदमी की छाँव है इसमें." दुसरं माणूस आणू कुठून? तर हातात माती, म्हणून फोन स्पीकरवर टाकून सुमनशी बोललो, "बरं, ठेवतो, मजेत आहे," म्हणालो, मातकट अंगठ्याने बटण दाबलं आणि फोन तापू नये म्हणून ढिगावर हॅटखाली ठेवला.

बटण दाबलं गेलंच नव्हतं. हे मला नंतर कळलं.

मी आपला ढिगाजवळ बसलो. "सुमन, खोटं बोलतो गं मी. कसली मजा? अजून दोन कप चहा करतो. तुझी साडी दोरीवर तशीच आहे. तिथे राहा म्हणालो, पण तू ये ना आता." एवढं बोलून डोळे पुसले आणि पाणी आणायला गेलो.

परत येतो तो काय! हिराताई ढिगासमोर बसलेल्या, हातात जास्वंद. "बाई, आशी कशी गेलीस गो मधीच टाकून? मानूस रोज रडतो तुज्याम्होरं."

आणि हॅटखालून आवाज आला, "अगं, मी कुठे गेले? कोण बोलतंय? अहो! कुठे आहात तुम्ही?"

"आई गं! बोलली! बाई बोलली!"

हिराताईंची एक चप्पल माझ्या शेतात, दुसरी बांधापलीकडे. मी मागून ओरडतोय, "थांबा ताई, ती जिवंत आहे!" त्यावर तर त्या आणखीच जोरात पळाल्या.

धापा टाकत फोन उचलला. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज.

"साडी दोरीवरच आहे?"

"हो."

"अडीच महिने?"

"हो."

"तिकीट काढते मी."

आली. शेतावर पाऊल ठेवताच हिराताईंनी आधी तिला चिमटा काढून पाहिला. खरी आहे अशी खात्री पटली, मग दोघी गळ्यात पडल्या. मग सुमन ढिगाकडे वळली. पांढऱ्या फुलांचं रोप उपटलं आणि माझ्यासमोर धरलं.

"ही कामोणी आहे! तण! तण वाढवलंत आणि बटाटे गाडलेत? भर लावायची म्हणजे शेंडे वर ठेवायचे असतात. सगळंच आत दाबून टाकलं तर वाढणार कसं?"

मी मान खाली घालून खणत राहिलो. बटाटे निघाले गोट्यांएवढे. मोजून एका पातेल्याचे.

घरी आल्यावर तेच उकडले. स्वतःच्या समाधीतले बटाटे सोलत बसली होती आमची बायको. दोरी रिकामी झाली होती, ओट्यावर चहाचे दोन कप होते. मधेच ती म्हणाली, "फोनवर ऐकलं ना, ते एकदा समोर बोला."

मी सालं गोळा करायला लागलो. "त्यात काय बोलायचं? मजेत आहे मी."

तिने हातातला बटाटा खाली ठेवला आणि पातेलं माझ्याकडे सरकवलं.

मग काय करतो? पातेल्यातला त्यातल्या त्यात मोठा बटाटा उचलला, समोर धरला आणि त्याच्याकडे बघत सगळं पहिल्यापासून सांगितलं.