दोनदा घातलेली भर
मिरच्या भाजल्याचा ठसका लागला की मला माण गावातली ती गच्ची आठवते. पीएचडीच्या शेवटच्या वर्षी मी तिथं खोली घेऊन राहत होते. प्रचंड वेगाचे प्रोटॉन एकमेकांवर आदळले की त्यातून केऑन नावाचे कण किती निघतात, हे मी मोजत होते. आकडा अपेक्षेपेक्षा बराच मोठा आला होता, गाइड खुशीत होते आणि दुपारी लेख छापायला जाणार होता. त्याच सकाळी माझ्या लक्षात आलं, की कण टिपणाऱ्या यंत्राच्या नजरेतून निसटलेल्या कणांची भर मी दोनदा घातली आहे. फोन हातात धरून मी गच्चीवर येरझारा घालत राहिले. तिथंच चुलीवर मिरच्या भाजणाऱ्या घरमालकीणबाई वैतागल्या, "सकाळधरनं काय फिरतीयास गं?" मी म्हटलं, "मावशी, माझी मोजणी चुकलीय, आणि सगळे खूश आहेत." "मग सांग की! फिरून चूक जिरतीया व्हय?" मी फोन लावला. गाइडना चूक सांगितली. ते म्हणाले, "लेख थांबवतो. मीही तपासायला हवं होतं." दुरुस्तीनंतर आकडा अगदी साधा निघाला आणि तसाच छापून आला. आता मी शिकवते, पण एखादा आकडा मनासारखा आला की अजूनही मला खुर्चीत बसवत नाही.