डब्यातली लवंग

वलवणची मुक्ताबाई चहात साखर घालायची नाही. आवडत नव्हती म्हणून नव्हे हो! गोडाची तिला भारी हाव. लहानपणी माहेरी टाकव्याला गुळाच्या ढेपेवरच्या माशा हाकलायला बसवली, तर निम्मी ढेप हीच चाटून ठेवायची, असं तिचा थोरला भाऊ कोंडाजी सगळ्यांना हसून सांगे. पण त्रेचाळीस साल आलं, तिकडे लढाई पेटलेली, आणि इकडे साखरेनं असं काही डोकं वर काढलं की बोलू नका. चार आण्याला शेर मिळायची ती काळ्या बाजारात रुपयालाही मिळेना. लोणावळ्याच्या बाजारातला हलवाई तर पेढ्यांचं ताट मागं सरकवून बसायचा. गिऱ्हाइकानं भाव विचारला की मेला आधी त्याच्या पायातल्या वहाणा बघायचा!

मुक्ताबाईला साखर हवी होती ती एकाच कामासाठी. कोंडाजीची लेक झुंबर पाळण्यात होती तेव्हाच त्यानं बहिणीला शब्द दिला होता, "मुक्ते, ही तुज्या नथूची." पुढं मुक्ताबाईचा नवरा गेला. तिनं बंगल्यांवर भांडी घासून नथूला वाढवलं, तो रेल्वेत खलाशी लागला. सोयरिकी काय कमी आल्या? पण बाईनं एकीकडेही बघितलं नाही. भावाचा शब्द म्हणजे तिला काळ्या दगडावरची रेघ. झुंबर लग्नाची झाली तशी ती दिवाळीला साखरपुड्याचं बोलायला टाकव्याला गेली.

"करू की," कोंडाजी म्हणाला. "पर साखर पाच शेर पायजे. घरटी वाटायची. गुळावर भागवलं तर गाव त्वांडात शेण घालंल."

साखर मुलाकडच्यांनी आणायची ही रीतच. तिथं घासाघीस कशी करणार? नथूला रेल्वेच्या दुकानातून महिन्याला अर्धा शेर साखर मिळायची. मायलेकांनी त्यातला एक दाणा तोंडाला लावला नाही. संक्रांत गुळावर गेली, पाडव्याला गुढीला गाठी नाही, आणि चहा तर असा की शत्रूलाही देऊ नये. बंगल्यातल्या लीलाबाई सणावाराला वाटीभर साखर द्यायच्या, तीही डब्यात. मुंग्यांनी वास काढू नये म्हणून मुक्ताबाईनं वरून पाच लवंगा टाकल्या. रोज झाकण उघडून बघायची. नथू म्हणायचा, "आये, बघून वाढती व्हय?"

वैशाख संपता संपता डबा भरला. आणि मग मुक्ताबाईला धास्ती पडली पावसाची. वलवणला धरणाकाठी पाऊस लागला की भिंतींना पाझर फुटतात, मिठासाखरेचं पाणी होतं. भावाकडे चुलीवरची फळी होती, बारा महिने कोरडी. मृगाच्या आधी बाई डबा कडेवर घेऊन टाकव्याला पोचली. साखर त्याच्याच लेकीसाठी, मग त्याच्या घरी ठेवली तर बिघडलं काय? तुम्ही-आम्हीही हेच केलं असतं.

"बिनघोर राहा," कोंडाजी म्हणाला. "तुळशीचं लगीन झालं की बार उडवू."

तुळशीचं लग्न झालं आणि टाकव्याचा अंबाजी निरोप घेऊन आला, "सोमवारी झुंबरचा साखरपुडा हाय. आत्यानं यावं." संपलं. कुणाशी, ते त्यानं सांगितलं नाही आणि मुक्ताबाईनं विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? भावानं परस्पर दिवस धरला, साखर त्याच्याकडेच आहे, असं म्हणून तिनं हिरवं लुगडं बाहेर काढलं. नथूनं रजा टाकली, नवी टोपी घेतली. मायलेकं कान्हे स्टेशनावर उतरून उन्हातनं चालत गेली.

दारात मांडव होता. आणि पाटावर दुसराच पोरगा बसला होता, मनगटावर घड्याळ बांधून. लष्कराच्या कामावरचा मुकादम म्हणे. नथूनं टोपी काढली, घडी करून खिशात घातली, आणि गोठ्यापाशी जाऊन बैलाच्या पाठीवरून हात फिरवत उभा राहिला. मुक्ताबाई बायकांच्या मागं भिंतीला टेकून बसली. पुडा ओटीत पडला, साखर वाटायला निघाली. भावजय सरुबाईनं मान वर न करता तिच्याही तळहातावर चिमूट ठेवली.

चिमटीत लवंग होती.

मुक्ताबाईनं आत जाऊन फळीकडे बघितलं. डबा धुऊन पालथा घातलेला. ती तशीच कोंडाजीला गाठायला परड्यात गेली.

"दादा, ही साखर कुणाची?"

"हळू बोल. त्यांस्नी कुटं साखर गावंना. म्हनलं, घरात हाय तर..." कोंडाजी पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागला. "म्हागाईचे दिस, मुक्ते. तितं पोरगी साखरंत लोळंल. तुज्याकडं काय, कोरा चहा? साखरंचं मी दीन की भरून, रेशनच्या भावानं."

रेशनच्या भावानं! ऐकलंत? केसानं गळा कापायचा, आणि वर केसाची किंमत द्यायची!

"साखर म्हाग झाली, दादा," मुक्ताबाई म्हणाली, "आन् भैन सवंग झाली." चिमूटभर साखर तिनं तिथंच मातीत सांडली. लवंग तेवढी पदराच्या गाठीला बांधली.

परतीच्या वाटेवर नथू म्हणाला, "आये, आता तरी चहात साखर घाल." तेव्हा मात्र बाई बांधावर बसून हमसून हमसून रडली.

पुढच्या भाऊबीजेला कोंडाजी लुगडं घेऊन वलवणला आला. आला तर आला, सख्ख्या भावाला बहीण दारातनं परत पाठवत नाही. मुक्ताबाईनं पाट मांडला, ओवाळलं, काही कमी केलं नाही. मग तोंड गोड करायची वेळ आली तेव्हा ती पदराची गाठ सोडत म्हणाली,

"साखर न्हाई रं दादा घरात. तुज्याकडंच ठेवली व्हती. त्यातली ही येवढीच उरली बघ माज्याकडं."

आणि तिनं ती लवंग त्याच्या तोंडात घातली.

कोंडाजीला ती चावता येईना, आणि बहिणीसमोर थुंकताही येईना.